मधल्या अक्षरापासून

बोरखेडीत तुम्ही कुठंही उभे राहा, भाऊराव हिवराळे तुमच्यासमोर असतोच. तो स्वतः नसला तर त्याचं अक्षर असतं. ग्रामपंचायतीची पाटी त्याची, विहाराच्या भिंतीवरचं पंचशील त्याचं, मारुतीच्या पारावरची देणगीदारांची नावं त्याची, आणि निवृत्तीच्या पिठाच्या गिरणीवरचं 'दळण बघून घ्यावे, मागून तक्रार चालणार नाही' हेही त्याचंच. संग्रामपूरच्या रस्त्याला सरकारी योजनेत त्यानं 'उघड्यावर बसू नका' असं जागोजागी लिहिलं. लोक तिथंच बसून ते निवांत वाचतात. "माह्याइतका वाचक कोणाले नाही," असं तो त्यावर स्वतःच सांगतो.

धंद्यानं तो पेंटर. शेगावात आणि नांदुऱ्यात फ्लेक्सची दुकानं झाल्यापासून त्याचं काम निम्म्यावर आलं, पण ऐट काही कमी झाली नाही. फ्लेक्सचा विषय कोणी काढायचा अवकाश, भाऊराव सुरू.

"फ्लेक्सचं काय घेऊन बसला बाप्पा! दुसऱ्या उन्हाळ्यात तो ढोरांच्या कुटाराच्या ढिगावर झाकण होते, अन् त्याच्यातला पुढारी तिथं पालथा पडून राह्यते. माह्या हातचं नाव पाह्य. भिंत पडन, पण नाव नाही जाणार."

भिंत पडल्यावर नाव कुठं राहणार, हे विचारायची कोणाची छाती नाही.

आपल्या कामातल्या दोन गोष्टींचा त्याला भारी अभिमान. एक म्हणजे ओळ. खडूच्या भुकटीत घोळवलेली सुतळी तो भिंतीवर ताणून धरतो, टिचकी मारतो, रेघ उमटते, आणि त्या रेघेवर एकेक अक्षर असं बसवतो की कोणीही यावं आणि पट्टी लावून बघावं. भाऊरावची ओळ तिरकी गेली असं आजवर कोणी म्हणालेलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तो पाटी कधीच पहिल्या अक्षरापासून रंगवत नाही. आधी अक्षरं मोजतो, पाटीचा मध्य काढतो आणि मधलं अक्षर आधी लिहितो. मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असं करत कडेला पोचतो. पहिल्या अक्षरापासून सुटणाऱ्या पेंटरचं काय होतं, याची त्याच्याकडे एक गोष्ट आहे. अशा एकानं 'किराणा' ऐसपैस लिहिलं आणि 'भांडार'ला जागाच उरली नाही. ते बिचारं भांडार अजून पाटीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभं आहे म्हणे.

पण भाऊरावचं खरं राज्य म्हणजे गावच्या हायस्कूलची रस्त्याकडची भिंत. दहावीत पहिल्या येणाऱ्याचं नाव दरवर्षी त्या भिंतीवर लिहायचं, ही गावाची रीत. निकाल लागला की संध्याकाळी लोक भिंतीपुढे जमतात. ज्याचं नाव, त्यानं रंगाचा डबा धरून शेजारी उभं राहायचं. भाऊराव नाव लिहितो, मार्कांचा आकडा लिहितो, आणि टक्क्याच्या खुणेतला शेवटचा ठिपका मात्र त्या पोराच्याच हातानं द्यायला लावतो. मग पेढे वाटले जातात. पुण्याला नोकरीला गेलेली पोरंसुद्धा गावी आली की भिंतीपाशी थांबतात आणि आपला ठिपका जागेवर आहे ना, ते बघून जातात.

भाऊरावची लेक समता शाळेत जायला लागायच्या आधीपासून या सोहळ्यात असायची. तिच्या हातात रंग पुसायची चिंधी आणि बापाची काठी. पेंटर लिहिताना ज्या काठीवर मनगट टेकवतो, ती ही काठी. एका वर्षी ठिपका देऊन झाला, लोक पेढ्यांकडे वळले, आणि ही पोर भिंतीखालीच उभी.

"बाबा, माहं नाव कवा?"

"तुह्या बारीले, माय," भाऊराव म्हणाला होता. तेव्हापासून तो त्या बारीची वाट बघत होता.

बारी आली. समता दहावीला गेली. पोर हुशार, वर्गात पहिल्या दोघींत नेहमी तिचं नाव. दुसरी निवृत्ती गिरणीवाल्याची प्रेरणा. दोघी मैत्रिणी, एकाच बाकावर बसणाऱ्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि बोर्डाआधीच्या सराव परीक्षेत गणिताचा पेपर आला.

पहिलाच प्रश्न पर्याय निवडायचा. समतानं तो वाचला, पुन्हा वाचला. आपल्याला हे येतं, कालच सोडवलंय, हे तिला कळत होतं, पण उत्तर काही हाताशी येईना. बोटं गार पडली. कानात गरगर सुरू झाली. हा एक सुटला की पुढे जाऊ, असं म्हणत ती त्याच प्रश्नापाशी बसून राहिली. पेपर गोळा करायला सर आले तेव्हा उत्तरपत्रिका बरीचशी कोरी होती.

त्या दिवसापासून तिचं अन्न सुटलं. सकाळी पुस्तक उघडलं की मळमळायचं. अंगणवाडीत मदतनीस असलेली तिची आई चांगुणा लेकीच्या ताटाकडे बघून हैराण झाली. भाऊरावनं मात्र दुखण्याचं नाव एका झटक्यात ठरवून टाकलं.

"अशक्तपणा आहे. शेंगदाण्याचे लाडू कर. अन् हिंमत पायजे पोरीले, हिंमत!"

लाडू चांगुणानं केले. हिंमतीचं काम भाऊरावनं स्वतःकडे घेतलं, आणि तिथंच घात झाला.

सव्वीस जानेवारीसाठी शाळेच्या भिंतीला, जुनी नावं तेवढी सोडून, नवा पांढरा रंग दिला होता. गेल्या वर्षीच्या नावाखालची जागा कशी स्वच्छ, मोकळी दिसत होती. भाऊरावकडे एका कामातला चांगला निळा ऑइल पेंट उरला होता. असा रंग, अशी भिंत आणि अशी लेक असल्यावर कुठल्या पेंटरचा हात थांबेल? रविवारी शाळा बंद असताना तो गेला आणि त्यानं लिहून टाकलं, 'कु. समता भाऊराव हिवराळे'. पुढे आकड्यापुरती जागा सोडली. त्याच्यापुढे टक्क्याची खूणही काढून ठेवली, ठिपका तेवढा शिल्लक. आयुष्यात इतकं सुंदर अक्षर आपल्या हातून उतरलं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

रोज येता-जाता नाव दिसलं की पोरीला बळ येईल, एवढाच त्याचा हिशेब. वाईट हेतू तिळमात्र नव्हता. पण बापांचे हिशेब असेच असतात, आपल्या छातीच्या मापानं पोरांना सदरा शिवतात.

दुसऱ्या दिवशी समता हॉल तिकीट घ्यायला शाळेत गेली. रस्त्यावरूनच प्रेरणा ओरडली, "समते, तुहं तं नाव बी लागलं व!" पोरी हसल्या. समताही हसली. हॉल तिकीट घेऊन ती घरी आली, दप्तर खुंटीला लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गावात तोवर बातमी झाली होती. नळावर, गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर एकच विषय. जो तो समताच्या दारावरून जाताना आत डोकावून म्हणायचा, "मंग, किती लिहाचे त्या रिकाम्या जागेत?"

सगळ्यांनी मायेनंच विचारलं. म्हणून तर तिला कोणावर रागावताही येईना.

परीक्षा तोंडावर आली तशी ती एका सकाळी आईला म्हणाली, "आई, मी पेपरले बसणार नाही."

चांगुणाच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. अंगणात ब्रश धुणाऱ्या भाऊरावनं ते ऐकलं आणि तो भडकलाच. मोबाईलला बोलला, शाळेला बोलला, चांगुणा करते त्या लाडांनाही बोलला. समता खाली मान घालून ऐकत होती. बोलून बोलून त्याचा दम संपला, तेव्हा तिनं वर बघितलं.

"बाबा, तुमची पाटी चुकली तं तुमी काय करता?"

"काय करतो म्हणजे? टर्पेंटाईन लावतो, पुसतो."

"माह्या पेपराले टर्पेंटाईन नाही." ती म्हणाली. "मी पुस्तक उघडलं की मले ती भिंत दिसते. माहं नाव, अन् त्याच्यापुढं ती रिकामी जागा. मी नापास झाली तं तिथं काय लिहान? प्रेरणा पहिली आली तं माहं नाव सगळ्या गावापुढं खोडान का?"

गावाला शब्द पुरवणाऱ्या भाऊरावला काही वेगळं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं, "लाडू खाल्ला का?" आणि तो डबा, ब्रश उचलून बाहेर पडला.

रस्त्यात त्याला आठवत होतं, ही पोर लहानपणी आपल्या पाट्या मोठ्यानं वाचत गावातून फिरायची. आपलं प्रत्येक अक्षर तिनं जपलं. आणि आपण तिचंच नाव तिच्या डोक्यावर दगडासारखं ठेवलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

ऑइल पेंट काही पाण्यानं जात नाही. भर सकाळी, शाळेची पोरं येत असताना, भाऊराव समताच्या नावावर पांढरा रंग ओढायला लागला. रंगाच्या एका हातानं भागेना, निळं खालून डोकावत होतं. तो दुसऱ्या हाताची तयारी करतोय तोच निवृत्ती गिरणीची चावी फिरवत तिथं आला.

"जयभीम भाऊ. हे काय करून राह्यला बे? काऊन पुसतं?"

खरं सांगावं तर पोरीची भीती गावभर होणार. भाऊरावनं एकदा नावाकडे बघितलं. ओळ अशी सरळ होती की तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवला असता तर जागचा हलला नसता.

"ओळ तिरकी गेली," तो म्हणाला.

"तिरकी?" निवृत्तीनं मान इकडून वाकवली, तिकडून वाकवली. "कुठं तिरकी आहे? मले तं सरळ दिसते."

"मले दिसते," भाऊराव म्हणाला आणि ब्रश चालवत राहिला.

दुपारपर्यंत गावात नवी बातमी झाली. भाऊरावची ओळ तिरकी गेली. तीही लेकीच्या नावाची! ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं आपल्या सरळ ओळीच्या गोष्टी ऐकवल्या होत्या, त्या सगळ्यांनी मिळून त्याची मनसोक्त हजेरी घेतली. वय झालं, चष्मा लाव, फ्लेक्सवाल्याकडे शिकायला जा. भाऊराव हसून "हाव, हाव" म्हणत राहिला. ही हजेरी, आणि निवृत्तीनं गावभर सांगितलेलं ते 'मले दिसते'ही, समताच्या कानावर गेलं. त्या दिवशी तिनं अर्धी भाकर खाल्ली.

नाव पुसलं म्हणून भीती पुसली गेली असं मात्र झालं नाही. पहिला प्रश्न आणि गार बोटं तिच्या मनातून हटेनात. भाऊरावला गणित येत नव्हतं, आणि उपदेशावरचा त्याचा स्वतःचाच विश्वास उडाला होता. त्याच दिवसांत विमलबाईंच्या पापडाच्या घरगुती कारखान्याची पाटी करायचं काम आलं. तो समताला म्हणाला, "चाल, अर्धा घंटा काठी धर. डोकं तं मोकळं होईन."

अंगणात पाटी उभी केली. त्यानं सुतळीची रेघ मारली, अक्षरं मोजली, मध्य काढला आणि ब्रश समताच्या हातात दिला.

"मले नाही येत बाबा. हात कापून राह्यला माहा."

"कापू दे. माहा बी कापते."

तिला वाटलं, आपली समजूत घालायला सांगतायत. मग त्यानं ब्रश घेतला आणि पाटीजवळ नेला. इतकी वर्षं ती काठी धरत आली होती, पण नजर नेहमी अक्षरावर. आज तिनं हाताकडे बघितलं. ब्रशचं टोक खरंच थरथरत होतं.

"दरवेळी?" तिनं विचारलं.

"दरवेळी. पह्यल्या फराट्याले दरवेळी. काठी काय शोभेले ठेवली का? अन् मी मधातून काऊन सुरू करतो? लोकाइले सांगतो की जागा बरोबर बसते म्हणून. ते बी खरं आहे. पण पह्यलं अक्षर, ते काठावरचं, लय डोळे वटारते माय. मधात दोन अक्षरं बसली की हाताले कळते, आपल्याले येते हे. मंग त्या पह्यल्याकडं जायाचं. तवा ते गरीब झालेलं असते."

मग समतानं मनगट काठीवर टेकवलं आणि मधला 'प' काढला. तो जरा पोटाळ झाला. विमलबाईंनी तो तसाच ठेवायला लावला. पापडाच्या पाटीवर फुगलेला 'प' बरा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी समतानं गणिताच्या सरांना विचारलं, पेपर मधून सोडवायला घेतला तर चालतो का. सर म्हणाले, खुशाल घे, प्रश्न क्रमांक तेवढे नीट टाक. तेव्हापासून ती घरी तसा सराव करायला लागली. पेपर समोर आला की आधी सगळा नुसता वाचायचा, मग मधला एखादा ओळखीचा प्रश्न धरायचा. हात गार पडला तर मनगट बाकाच्या कडेवर टेकवायचं आणि म्हणायचं, काप बाबा, तुला कापायचं तेवढं काप. मळमळ पूर्ण थांबली नाही. पण पुस्तक उघडं राहू लागलं.

गणिताच्या पेपरच्या दिवशी भाऊरावनं तिला मोटारसायकलवर संग्रामपूरच्या केंद्रावर सोडलं. वाटेत एक अक्षर बोलला नाही. भाऊराव हिवराळे सबंध रस्ताभर गप्प होता, हे चांगुणाला पटवायला समताला नंतर शपथ घ्यावी लागली. फाटकापाशी समता उतरली. तिचा चेहरा उतरला होता. ती दोन पावलं गेली आणि परत आली.

"बाबा, तुमी इथंच राह्यता ना?"

"इथंच आहे. त्या लिंबाखाली."

लिंबाखाली बसून त्यानं समोरच्या दुकानांच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या, त्यांच्यातल्या चुका काढल्या, आणि त्यातल्या एकीचंही त्याला काही वाटलं नाही. घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर आला. सगळे बाप आपापल्या पोरांवर "कसा गेला?" म्हणत तुटून पडले. भाऊरावच्याही ओठावर तेच होतं. त्यानं ते गिळलं, आणि तेवढ्या एका घोटाला त्याला जेवढं बळ लागलं तेवढं उन्हात सबंध भिंत रंगवायला लागलं नव्हतं.

समता आली. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"पह्यल्या प्रश्नापाशी पुन्हा तसंच झालं," ती म्हणाली. "कानात गरगर. मंग मी पान उलटलं, अन् मधातून धरलं. एक राह्यला शेवटी. बाकी झाले." आणि जरा थांबून म्हणाली, "बाबा, लय भूक लागली मले."

भाऊरावनं तिला कचोरीच्या गाडीपाशी नेलं. तिनं एक खाल्ली, दुसरी मागितली. तिच्या बोटांना लागलेलं तेल आणि तोंडावरचा घाम बघत तो उभा राहिला. निकाल बिकाल काही लागो, आपल्याला आपली पोर परत मिळाली, असं त्याला वाटलं. डोळे भरून आले तेव्हा त्यानं कचोरीवाल्याला त्याच्या गाडीवरच्या अक्षरांबद्दल उगाच दोन शब्द सुनावले.

निकाल लागला. समताला चांगले मार्क पडले, गणितातही. पण पहिली आली प्रेरणा.

संध्याकाळी निवृत्ती भाऊरावच्या अंगणात येऊन नुसताच घुटमळत राहिला. पोरीच्या आनंदात त्याला नीट हसताही येत नव्हतं.

"भाऊ, तुले जड जात असन तं यंदा राहू दे. मी शेगाववरून फ्लेक्स करून आणतो."

"फ्लेक्स?" भाऊराव ताडकन उठला. "माह्या भिंतीवर? हात मोडला का माहा?"

गाव भिंतीपुढे जमलं. प्रेरणानं रंगाचा डबा धरला. समता नेहमीसारखी काठी आणि चिंधी घेऊन उभी. भाऊरावनं सुतळी ताणली, टिचकी मारली, मध्य काढला. ज्या जागेवर त्यानं लेकीचं नाव पुसलं होतं, तीच ही जागा. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. ब्रश भिंतीजवळ गेला आणि हात थरथरला. बापाचं काळीज, असं कोणीतरी मागे कुजबुजलं. समतानं पुढे होऊन काठी त्याच्या मनगटाखाली सरकवली.

मधलं अक्षर बसलं. मग डावीकडचं, मग उजवीकडचं. नाव पुरं झालं, आकडा झाला, आणि प्रेरणानं जीभ दातांत धरून ठिपका दिला. टाळ्या झाल्या. समता चार पावलं मागे रस्त्यावर गेली, एक डोळा मिटून भिंतीकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"बाबा, ओळ तिरकी गेली."

टाळ्या थांबल्या. निवृत्तीनं घाबरून मान इकडून वाकवली, तिकडून वाकवली. भाऊराव गर्रकन वळला.

"तिरकी? कुठं तिरकी आहे?"

"मले दिसते," समता म्हणाली, आणि हसायला लागली.

मग भाऊरावही हसला, इतका की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि प्रेरणाच्या ओल्या नावाचं एक अक्षर त्याच्या सदऱ्यावर उमटलं. ते अक्षर त्याला पुन्हा लिहावं लागलं. त्या वेळी काठी समतानंच धरली होती.